संगणकाचा पडदा काळा पडतो तेव्हा

दिवाळीची किंवा उन्हाळ्याची सुट्टी संपवून विद्यार्थी वसतिगृहात परततात, तेव्हा आमच्या संगणक कक्षाकडे काही प्रश्न हमखास येतात. त्यांतील एक प्रश्न वर्षानुवर्षे बदललेला नाही : “सर, घरचा कॉम्प्युटर चालू होतो, पंखा फिरतो, दिवा लागतो, पण डिस्प्ले येत नाही.” कधी त्याच दुखण्याचे दुसरे रूप असते. पडद्यावर उभ्या रेघा उमटतात, सगळे चित्र पिवळे पडते, किंवा विंडोजचे चिन्ह दिसेपर्यंत सारे ठीक असते आणि मग एकदम अंधार होतो. प्रस्तुत लेखात या एकाच दुखण्याचा विचार करावयाचे आम्ही योजिले आहे.

विषय वरकरणी किरकोळ वाटेल. परंतु आमच्या विद्यार्थ्यांच्या घरी जो संगणक असतो, तो बहुधा एखाद्या कार्यालयाने काढून टाकलेला किंवा शहरात नोकरीस असलेल्या मामांनी जुना म्हणून पाठविलेला असतो. दहा-पंधरा वर्षांचे ते यंत्र भावंडांचा अभ्यास, शिष्यवृत्तीचे अर्ज, आईच्या बचत गटाचा हिशेब अशी सारी कामे ओढत असते. जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, गुणपत्रिका यांच्या प्रतीही त्याच्याच हार्ड डिस्कवर असतात. पडदा काळा झाला, की ते यंत्र तालुक्याच्या गावी दुकानात जाते. तेथे “मदरबोर्ड गेला” किंवा “कार्ड उडाले” असा निकाल मिळतो. दुरुस्तीचा आकडा ऐकून घरची माणसे गप्प होतात, आणि काही महिन्यांनी ते यंत्र, त्यातील कागदपत्रांसह, भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढते.

असे निकाल पुष्कळदा घाईचे असतात, असे आमचे मत झाले आहे. पडद्यावर चित्र न येणे याचा अर्थ एवढाच, की चित्राच्या वाटेवर कोठेतरी खंड पडला आहे. तो कोठे पडला हे ठरविण्याची बहुतेक साधने घरातच असतात : एक स्क्रू ड्रायव्हर, एक पांढरे खोडरबर, एक टॉर्च, रंगकामाचा एक मऊ ब्रश. याशिवाय लागतो तो क्रम. स्वस्त व सोपी शक्यता आधी तपासावी, महाग शक्यता शेवटी; आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि चित्र आले, तर दोष कशात होता हे कळत नाही, आणि तोच दोष महिन्याभराने पुन्हा उभा राहतो.

आणखी एक गोष्ट येथेच सांगून ठेवतो. ग्राफिक्स कार्ड बिघडल्याने हार्ड डिस्कवरील मजकुराला धक्का लागत नाही. तेव्हा डिस्प्लेच्या तक्रारीवर कोणी “फॉरमॅट मारावा लागेल” असे म्हणाले, तर आधी कारण विचारावे. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडता येते आणि कागदपत्रांची प्रत काढून घेता येते. ते काम कोणत्याही दुरुस्तीच्या आधी करावे.

चित्राची वाट

पडद्यावरील चित्र म्हणजे असंख्य ठिपक्यांची जाळी. १९ इंची जुन्या एलसीडी मॉनिटरवर आडवे १,२८० आणि उभे १,०२४ ठिपके असतात, म्हणजे एकूण १३,१०,७२० ठिपके. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी चार बाइट धरले, तर एका चित्राला नेमकी ५ मेगाबाइट जागा लागते. ग्राफिक्स कार्डावरील चिप हे चित्र आपल्या स्मृतीत रचते आणि सेकंदाला ६० वेळा पडद्याकडे धाडते; म्हणजे सेकंदाला सुमारे ७ कोटी ८६ लाख ठिपके. इतके काम करणारी चिप तापणारच, आणि तिच्या आजारपणाचे मूळ बहुधा उष्णतेत सापडते. त्याकडे पुढे वळू.

कार्डातून निघालेले चित्र केबलमधून मॉनिटरकडे जाते. जुन्या यंत्रांत ही केबल बहुधा निळ्या तोंडाची, तीन ओळींत १५ पिनांची असते. तिला आपण व्हीजीए केबल म्हणतो. ही पद्धत आयबीएम कंपनीने १९८७ साली आणली. तिच्यात तांबडा, हिरवा आणि निळा या तीन रंगांसाठी तीन वेगळ्या तारा असतात, आणि प्रत्येक तारेतील विजेचा दाब शून्यापासून ०.७ व्होल्टपर्यंत कमी-अधिक होऊन त्या रंगाची तीव्रता सांगतो. आणखी दोन तारा ओळ कोठे संपली व चित्र कोठे संपले याची खूण देतात. पुढे १९९९ मध्ये डीव्हीआय आणि त्यानंतर एचडीएमआय आले; त्यांत रंग आकड्यांच्या रूपाने जातात. परंतु खेड्यापाड्यांतील घरांत आजही राज्य आहे ते निळ्या तोंडाच्या केबलचेच.

मॉनिटरच्या बाजूने सुरुवात

आपल्याकडे लोखंडी डब्यालाच ‘सीपीयू’ म्हणण्याचा प्रघात असल्यामुळे बिघाड झाला की सर्वांचे लक्ष त्या डब्याकडे जाते. आम्ही विद्यार्थ्यांना उलट टोकाकडून निघण्यास सांगतो. केबल संगणकापासून सोडवावी आणि मॉनिटर एकटाच चालू करावा. “नो सिग्नल” किंवा “चेक केबल” असा फलक उमटला, तर मॉनिटर जिवंत आहे असे समजावे, कारण ती अक्षरे त्याने स्वतः लिहिलेली असतात. काहीच उमटले नाही, तर खोलीत अंधार करून पडद्यावर टॉर्चचा झोत तिरपा टाकावा. पुसट चित्र दिसले, तर पडदा चित्र काढतो आहे, फक्त त्यामागील दिवा विझला आहे. जुन्या एलसीडी मॉनिटरमध्ये हा दिवा बारीक ट्यूबलाइटसारखा असतो आणि वयोमानाने जातो. अशा वेळी कार्ड बदलून काहीही साधणार नाही.

मग केबल. ती दोन्ही टोकांनी काढून पिना उजेडात पाहाव्यात. येथे एक खुलासा आवश्यक आहे. पुष्कळ व्हीजीए केबलींत मधल्या ओळीतील एक पीन, नववी, मुळातच नसते. ती तुटली असे समजून केबल टाकून देणारे लोक आहेत. वाकलेली पीन मात्र खरा दोष, आणि ती कोणती हे चित्रच सांगते. तांबड्या रंगाची तार तुटली, की पडद्यावर निळसर हिरवी छटा येते. हिरवी तुटली, की सारे जांभळट गुलाबी दिसते. निळी तुटली, की पांढरा कागद हळदीत बुडविल्यासारखा पिवळा होतो. अशा वेळी वाकलेली पीन सुईच्या टोकाने किंवा जुन्या रिकाम्या रिफिलने अलगद सरळ करावी. केबलचे दोन्ही बाजूंचे स्क्रू नेहमी आवळलेले असावेत. ते सैल ठेवण्याची सवय हे या दुखण्याचे फार मोठे कारण आहे, कारण टेबल हलले की केबल स्वतःच्या वजनाने तिरपी होते.

केबल कोठे जोडली आहे हेही पाहावे. ज्या यंत्रात वेगळे ग्राफिक्स कार्ड बसविले आहे, त्याच्या पाठीमागे चित्राची दोन तोंडे असू शकतात : एक मदरबोर्डाचे, उभ्या जागेत, माउस-कीबोर्डच्या शेजारी, दुसरे कार्डाचे, खाली, आडव्या पट्टीवर. कार्ड असताना मदरबोर्डाचे तोंड बहुधा आपोआप बंद होते. घर झाडताना सगळ्या वायरी काढून पुन्हा लावल्या आणि डिस्प्ले गेला, अशी तक्रार आली की आम्ही पहिला प्रश्न हाच विचारतो.

यंत्र आत जागे आहे काय

मॉनिटर व केबल निर्दोष ठरल्यावर डब्याकडे वळावे, पण तो उघडण्यापूर्वी एक सोपी परीक्षा आहे. यंत्र चालू करून दोन मिनिटे थांबावे आणि कीबोर्डवरील नम लॉक ही कळ दाबावी. तिचा लहान दिवा प्रत्येक दाबाबरोबर लागत-विझत असेल, तर यंत्र जागे आहे. त्याला बोलता येत नाही एवढेच. स्पीकरमधून विंडोज सुरू झाल्याचा सूर ऐकू आला, तर शंकाच उरत नाही. अशा यंत्राचा “मदरबोर्ड गेला” असे कोणी म्हणाले, तर त्यावर विश्वास ठेवू नये.

दिवा हलत नसेल तर कान द्यावा. जुन्या डब्यांत एक लहानसा बझर असतो आणि सुरुवातीच्या तपासणीत काही खटकले की तो विशिष्ट पद्धतीने वाजतो. अवॉर्ड कंपनीच्या बायॉसमध्ये एक लांब व दोन आखूड आवाज म्हणजे चित्राच्या यंत्रणेत दोष. एएमआय कंपनीच्या बायॉसमध्ये आठ आखूड आवाजांचा अर्थ तसाच. कंपनीगणिक ही भाषा बदलते, म्हणून आवाज मोजून कागदावर लिहून ठेवावेत. बझरही गप्प आणि नम लॉकही गप्प, तर संशय कार्डापेक्षा रॅमवर किंवा वीजपुरवठ्यावर, म्हणजे एसएमपीएसवर, अधिक घ्यावा. रॅमची पट्टी सैल झाली तरी पडदा तितकाच काळा असतो, आणि तिचा उपचार कार्डाच्या उपचारासारखाच आहे.

डबा उघडताना

भिंतीवरील बटण बंद करून पिन काढावी. त्यानंतर डब्यावरील चालू करण्याचे बटण आठ-दहा सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत साठलेली वीज निघून जाते. आतील भागांना हात लावण्यापूर्वी डब्याच्या रंग न दिलेल्या पत्र्याला स्पर्श करावा. आपल्या अंगावरील स्थिर विजेची ठिणगी आपल्याला जाणवतही नाही, पण चिपला ती पुरेशी असते. दोन वस्तू मात्र कोणत्याही विद्यार्थ्याने कधीच उघडू नयेत. एक, एसएमपीएसचा पत्र्याचा डबा. दुसरी, जुना खोक्यासारखा सीआरटी मॉनिटर. रंगीत सीआरटीच्या नळीत वीस हजार व्होल्टपेक्षा अधिक दाब असतो आणि पिन काढल्यावरही तो दीर्घकाळ टिकून राहू शकतो.

आता कार्ड. पाठीमागील पट्टीचा स्क्रू काढला तरी ते लगेच निघत नाही, कारण स्लॉटच्या दुसऱ्या टोकाला प्लॅस्टिकची लहान कडी असते. ती दाबून मगच कार्ड सरळ वर उचलावे. ही कडी न पाहता ओढलेले कार्ड आम्ही पाहिले आहे. कडी तुटते, आणि दैव वाईट असेल तर स्लॉटही. कार्डाच्या खालच्या कडेला सोनेरी पट्ट्या असतात. त्यांवर हवेतील ओलावा, धूर आणि बोटांचा घाम यांचा थर बसतो व संपर्क तुटतो. पांढऱ्या मऊ खोडरबराने त्या हलकेच घासाव्यात, रबराचा चुरा ब्रशाने झाडावा, आणि नंतर त्या पट्ट्यांना बोट लावू नये. शाई खोडण्याचे खरखरीत रबर वापरू नये. ते सोन्याचा मुलामाच खरवडते. कार्ड परत बसविताना कडीचा टक असा आवाज येईपर्यंत दाबावे. दोन रुपयांच्या खोडरबराने सुधारलेली जितकी यंत्रे आम्ही पाहिली, तितकी दुसऱ्या कोणत्याही उपायाने सुधारलेली पाहिली नाहीत.

हेच करीत असताना कार्डावरील पंख्याकडे पाहावे. एका-दोन खोल्यांच्या घरात संगणक स्वयंपाकाच्या जागेपासून फार दूर नसतो. फोडणीचा तेलकट धूर आणि धूळ यांचा मिळून नमद्यासारखा थर पंख्याच्या पात्यांवर व मागील ॲल्युमिनियमच्या पाकळ्यांत जमतो. तो ब्रशाने सोडवावा. ब्लोअर मारावयाचा असल्यास पाते बोटाने धरून ठेवावे, नाहीतर पंखा अमर्याद वेगाने फिरून त्याचे बेअरिंग जाते. चिप थंड करणारी ही यंत्रणा खोलीतील हवेच्याच भरवशावर असते. खोलीचे तापमान जितके अंश वाढेल, जवळपास तितकेच अंश चिपही अधिक तापते. हिवाळ्यात ७० अंशांवर समाधानाने चालणारे कार्ड विदर्भातील मे महिन्यात, पत्र्याच्या छपराखाली, ९० च्या घरात जाते, आणि दुपारी पडद्यावर ठिपके दिसतात ते रात्री दिसेनासे होतात. असे वेळेप्रमाणे बदलणारे दुखणे दिसले, की ते उष्णतेचे समजावे. धुळीपासून रक्षण म्हणून डब्यावर कापडी झूल घालणारी घरे पुष्कळ आहेत. यंत्र चालू असताना ती पाठीमागूनही पूर्ण काढलेली असावी.

एवढे करूनही चित्र नसेल, तर कार्ड बाहेरच ठेवून केबल मदरबोर्डाच्या तोंडाला लावावी. कार्यालयातून आलेल्या यंत्रांत बहुधा मदरबोर्डावर चित्राची स्वतःची सोय असते. चित्र आले, तर दोष कार्डात, त्याच्या स्लॉटमध्ये किंवा त्याच्या वीजपुरवठ्यात आहे हे निश्चित झाले. शिवाय अभ्यास व अर्ज भरणे यांसाठी ते यंत्र त्याच क्षणापासून वापरात आले. पुष्कळ घरांना यापलीकडे जाण्याची गरजच नसते.

वीजपुरवठ्याविषयी थोडे. पीसीआय एक्स्प्रेस जातीच्या मोठ्या स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. त्याहून भुकेल्या कार्डाला एसएमपीएसमधून वेगळी सहा पिनांची वायर लागते, तीही ७५ वॅटची. ती लावावयाची राहिली, तर पडदा काळाच राहील किंवा ती जोडण्याची सूचना दाखवील. साधे काम नीट, पण चित्रफीत किंवा खेळ सुरू करताच अंधार, असे असेल तर थकलेल्या एसएमपीएसचा विचार करावा.

आणि कंडेन्सर पाहावेत. दुरुस्ती करणारे लोक कपॅसिटरला कंडेन्सर म्हणतात; कार्डावर व मदरबोर्डावर लहान उभ्या नळकांड्यांसारखे ते दिसतात. साधारण १९९९ ते २००७ या काळात सदोष द्रव भरलेले कंडेन्सर जगभरच्या अनेक कंपन्यांच्या मदरबोर्डांत व कार्डांत गेले. त्यांचे माथे फुगतात, फाटतात, त्यावर तपकिरी खपली धरते. चांगल्या कंडेन्सरचा माथा सपाट असतो. फुगलेला कंडेन्सर दिसला, तर कार्ड फेकू नये. गावातील रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा कारागीर तो थोड्या पैशांत बदलून देतो. त्याला एवढेच सांगावे, की धारिता तीच हवी, व्होल्ट तितकेच किंवा अधिक चालतील, आणि अधिक-उणे या बाजू उलट होऊ नयेत.

चित्र बिघडते केव्हा

आतापर्यंत पाहिले ते मुख्यतः चित्रच न येण्याविषयी. चित्र येते पण बिघडलेले येते, तेव्हा ते कोणत्या क्षणी बिघडते हे पाहणे सर्वांत मोलाचे. यंत्र चालू करताच काळ्या पडद्यावर जी पांढरी अक्षरे येतात, ती विंडोज सुरू होण्यापूर्वीची असतात. त्या अक्षरांतच रेघा, रंगीत ठिपके किंवा चमत्कारिक चिन्हे मिसळली असतील, तर सॉफ्टवेअरचा काही संबंध नाही. कार्डाची स्मृती किंवा चिप बिघडली आहे. अक्षरे स्वच्छ, विंडोजचे चिन्हही स्वच्छ, आणि त्यानंतर गोंधळ, असे असेल तर दोष बहुधा ड्रायव्हरमध्ये किंवा मांडणीत असतो, आणि तो पैसे न खर्चता सुटतो.

आमच्या नववीतील एका मुलीच्या घरचे यंत्र नेमके असे होते. विंडोजचे चिन्ह दिसे, मग पडदा काळा होऊन “आउट ऑफ रेंज” असा लहान फलक तरंगत राही. दुकानात ग्राफिक्स कार्ड बदलण्याचा व फॉरमॅटचा सल्ला मिळाला होता. त्या डिस्कवर तिच्या थोरल्या बहिणीची अभियांत्रिकी प्रवेशाची सारी कागदपत्रे होती आणि प्रवेशाची मुदत जवळ आली होती. तिच्या वडिलांनी फोनवर विचारले, “सर, नवे कार्ड घेऊ का? उसने पैसे मिळतील.” आम्ही त्यांना विचारले, “दादा, अलीकडे मॉनिटर बदलला आहे का?” बदलला होता. जुना सीआरटी जाऊन त्याच्या जागी एलसीडी आला होता.

उलगडा असा. सीआरटीचा पडदा लुकलुकू नये म्हणून पुष्कळ जण चित्र सेकंदाला ८५ वेळा पाठविण्याची मांडणी करून ठेवीत. एलसीडीला ६० वेळा पुरते, आणि बहुतेक जुने एलसीडी ७५ च्या पुढे स्वीकारत नाहीत. आपण किती स्वीकारतो हे मॉनिटर केबलमधील वेगळ्या तारांनी संगणकाला कळवितो. पण स्वस्त केबलमध्ये त्या तारा नसतात किंवा तुटलेल्या असतात, आणि मग संगणक जुन्याच वेगाने चित्र पाठवीत राहतो. सुरुवातीची अक्षरे व चिन्ह सावकाश वेगाचे, म्हणून ते दिसतात. उपाय असा, की यंत्र चालू करताच एफ-८ ही कळ पुन्हा पुन्हा दाबावी आणि येणाऱ्या यादीतून, विंडोज ७ असेल तर लो रिझोल्यूशन व्हिडिओ, एक्सपी असेल तर एनेबल व्हीजीए मोड, हा पर्याय निवडावा. चित्र मोठ्या अक्षरांत, ओबडधोबड का होईना, येते. मग डिस्प्लेच्या मांडणीत जाऊन वेग ६० हर्ट्झ करावा. त्या वडिलांनी हे सारे फोन कानाला लावून, आम्ही सांगू तसे केले. कागदपत्रे त्याच संध्याकाळी पेन ड्राइव्हवर उतरली.

विंडोज १० मध्ये एफ-८ ची सोय मुळात बंद असते. तेथे सुरू होण्याची क्रिया लागोपाठ दोन-तीन वेळा अर्धवट तोडली, की दुरुस्तीचा पडदा आपोआप येतो आणि त्यातून सेफ मोडकडे जाता येते. सेफ मोडमध्ये कार्डाचा खास ड्रायव्हर न वापरता अगदी साधा ड्रायव्हर चालतो. तेथे चित्र स्थिर राहिले, तर खास ड्रायव्हर काढून टाकावा व कार्डाच्या किंवा संगणकाच्या कंपनीने त्या विंडोजसाठी दिलेला ड्रायव्हर पुन्हा टाकावा. ३२ बिट की ६४ बिट हे आधी पाहून घ्यावे. फार जुन्या कार्डांना नव्या ड्रायव्हरांतून वगळलेले असते, म्हणून सर्वांत नवा तो सर्वांत चांगला हा नियम येथे चालत नाही. सारे ड्रायव्हर एका फटक्यात नवे करून देण्याचे आमिष दाखविणाऱ्या फुकट सॉफ्टवेअरपासून दूर राहावे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या नावापुढे पिवळे चिन्ह आणि कोड ४३ दिसत असेल, तर कार्डाने स्वतःच बिघाड कळविल्यामुळे विंडोजने ते थांबविले आहे असा अर्थ होतो. ड्रायव्हर नीट बदलूनही तो कोड परत आला, तर कार्डाच्या आयुष्याची आशा धरू नये.

चित्रात दोष आहे की चित्राच्या प्रवासात, हे ओळखण्याची आणखी एक युक्ती आम्हांस फार आवडते. पडद्यावर दोष दिसत असताना प्रिंट स्क्रीन ही कळ दाबून ते चित्र फाइलीत साठवावे आणि ती फाइल दुसऱ्या संगणकावर किंवा मोबाइलवर उघडून पाहावी. तेथेही तो दोष दिसला, तर चित्र रचतानाच बिघडले होते. कार्ड किंवा ड्रायव्हर यांकडे पाहावे. तेथे चित्र स्वच्छ असेल, तर दोष त्यानंतरच्या वाटेवर, म्हणजे कार्डाच्या तोंडात, केबलमध्ये किंवा मॉनिटरमध्ये असण्याचा संभव अधिक.

भट्टीचा उपाय

बिघडलेले कार्ड ओव्हनमध्ये भाजले की सुधारते, अशी एक समजूत आमच्या मोठ्या विद्यार्थ्यांतही पसरलेली आढळली, म्हणून तिचा परामर्श घेणे आवश्यक आहे. समजुतीत तथ्याचा अंश आहे. चिप व तिचे बैठे यांच्यामध्ये डाखाच्या धातूचे बारीक मणी असतात. तापणे व निवणे यांच्या फेऱ्यांनी त्यांना तडे जातात, आणि उष्णतेने ते तडे काही काळ जुळू शकतात. युरोपात १ जुलै २००६ पासून शिशावर निर्बंध आल्यावर उद्योगाने शिसेविरहित डाख स्वीकारला आणि नव्या मिश्रणांचे वागणे समजण्यास वेळ लागला. २००८ च्या जुलै महिन्यात एनव्हिडिया कंपनीने लॅपटॉपमधील काही चिपांच्या अशाच कमकुवत बांधणीमुळे १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली होती. म्हणजे दोष खरा आहे. पण भाजून आलेला गुण सहसा काही दिवस किंवा आठवडेच टिकतो, प्लॅस्टिक व कंडेन्सर जळण्याचा धोका असतो, आणि ज्या भांड्यात किंवा ओव्हनमध्ये अन्न शिजते तेथे ते विषारी धूर बसतात. आम्ही हा उपाय करू देत नाही.

कार्ड खरोखरच गेले असेल आणि मदरबोर्डावर चित्राची सोय नसेल, तर साधेसे जुने कार्ड घ्यावे. अभ्यासाला, अर्जांना, चित्रफितींना महागडे कार्ड लागत नाही. ते अधिक वीज खाते व अधिक तापते. दुकानात जाताना जुने कार्ड सोबत न्यावे. स्लॉट दोन जातींचे आहेत : १९९७ च्या सुमारास आलेला एजीपी आणि २००४ पासून रुळलेला पीसीआय एक्स्प्रेस. एकाचे कार्ड दुसऱ्यात बसत नाही, आणि एजीपीची कार्डे आता जुन्या बाजारातच मिळतात. डबा बारीक, अरुंद असेल तर अर्ध्या उंचीची पट्टी असलेले कार्ड लागते. विकत घेण्यापूर्वी ते दुकानातील यंत्रावर निदान पंधरा मिनिटे चालवून पाहावे, कारण उष्णतेचा दोष पहिल्या दोन मिनिटांत दिसत नाही.

निकामी झालेले कार्ड घरगुती कचऱ्यात टाकू नये आणि तांब्यासाठी सर्किट बोर्ड जाळणाऱ्यांच्या हातीही देऊ नये. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार असा कचरा नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्यांकडेच जावयाचा आहे. आमच्या विद्यार्थ्यांनी सुट्टीहून येताना असे कार्ड सोबत आणले तर संगणक कक्ष ते ठेवून घेतो. त्याचा पंखा दुसऱ्या कार्डाला लागतो, पाठीची पट्टी व स्क्रू उपयोगी पडतात, आणि उरलेला बोर्ड आठवीच्या मुलांना चिप, स्मृती व कंडेन्सर प्रत्यक्ष दाखविण्यासाठी कपाटातील दुसऱ्या फळीवर ठेवलेला असतो.